इशिदोरो (जपानी दगडी कंदील)

जपानमधील मंदिरांत, तीर्थस्थानांत आणि बागांत उभा केला जाणारा घडीव दगडाचा कंदील. ही प्रथा बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे जपानला पोहोचली. नारा प्रांतातील ताइमा-देरा मंदिरातला सातव्या शतकातील कंदील सर्वांत जुना मानतात. आरंभी मुख्य सभागृहासमोर मधोमध एकच कंदील असे. पुढे शिंतो देवस्थानांनीही तो स्वीकारला. नारा येथील कासुगा ताइशाच्या आवारात भक्तांनी वाहिलेले सुमारे दोन हजार दगडी कंदील आहेत. फेब्रुवारीत सेत्सुबुनला (वसंताच्या आगमनाच्या आदल्या दिवशीचा सण) आणि १४-१५ ऑगस्टला ते पेटवतात. बागेत तो आणला सोळाव्या शतकातील चहागुरूंनी (चहापानाच्या विधीच्या आचार्यांनी), रात्रीच्या चहाला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दिसावी म्हणून. आपल्या दीपमाळेवर अनेक दिवे उघड्यावर लागतात. इथे ज्योत एकच, तीही दगडाच्या पोटात.

कंदील अखंड दगडाचा नसतो, सुट्या दगडांची ती चळत असते. खालून वर : पाया (किसो), खांब (साओ), बैठक (चूदाइ), दिव्याची पोकळ पेटी (हिबुकुरो), छत्र (कासा) आणि कळीच्या आकाराचा कळस (होजू). वरच्या दगडाचा खुंट खालच्याच्या खाचेत बसतो. बाकी सारे वजनावर. ग्रॅनाइट घनमीटरला सुमारे २,६५० किलो भरतो. ६० सेंमी व्यासाचे, सरासरी १५ सेंमी जाडीचे गोल छत्र एकटेच ११० किलोच्या आसपास जाते. ते दोघांनी हातांनी चढवू नये. तिकाटणे व चेनपुली लावावी.

कंदिलाचे घाट (आकार) अनेक. षट्कोनी, उंच कासुगा घाट सर्वांच्या ओळखीचा; पेटीवर बहुधा हरणे कोरलेली असतात. ओरिबे घाटाला पायाच नसतो. खांब थेट जमिनीत पुरतात, त्यामुळे हात धुण्याच्या दगडी कुंडीला साजेशी उंची साधता येते. युकिमीला तीन किंवा चार बाकदार पाय आणि पसरट छत्र असते. त्या छत्रावर साचलेला बर्फ पाहायचा आणि तळ्यात पडणारे त्याचे प्रतिबिंबही. कोरड्या हिरवळीच्या मधोमध तो ठेवण्यात काही अर्थ नाही. कानाझावाच्या केनरोकु-एन बागेतील दोन पायांचा कोतोजी प्रसिद्ध आहे : एक पाय पाण्यात, दुसरा काठावरच्या दगडावर.

जागा कारणाने ठरते : वाटेचे वळण, पुलाचे टोक, कुंडी, तळ्याचा काठ. कंदिलापुढे एखादी फांदी मुद्दाम आडवी येऊ देतात. ज्योत अर्धी झाकली की उजेड हलता, खोल वाटतो.

उभारताना ३० सेंमी खणावे, १५ सेंमी खडी कुटून बसवावी, वर १० सेंमी काँक्रीट ओतावे. उरलेल्या पाच सेंमीत माती भरली की काँक्रीट दिसत नाही. काँक्रीटचा थर पायापेक्षा चहूबाजूंनी दहा सेंमी मोठा हवा. प्रत्येक दगड चढवल्यावर पाणसळ लावावी. शेवटी एकदाच तपासून भागत नाही. फट राहिल्यास शिशाच्या पत्र्याची पातळ चकती सरकवावी. सांध्यात सिमेंट भरू नये : दगडावर पांढरे ओघळ येतात, आणि पुढे सुटे करताना कडा उडतात. भूकंपप्रवण भागात मात्र खुंटाच्या जोडीला स्टेनलेस स्टीलची सळई घालणे शहाणपणाचे.

सगळ्यात आधी फुटते ती पेटी, कारण ती पोकळ, भोके पाडलेली आणि छत्राचा सगळा भार पेलणारी. जुन्या कंदिलांत नेमकी तीच बदललेली आढळते. पाया खचून कंदील कलला की भार एका कडेवर येतो व तिथला कपचा उडतो. शिमाने प्रांतातला इझुमो दगड मऊ. त्यावर शेवाळ लवकर धरते, पण मुरलेले पाणी गोठले की पापुद्रे सुटतात. आइचीतील ओकाझाकीचा किंवा इबाराकीतील माकाबेचा ग्रॅनाइट टिकाऊ, मात्र त्यावर वयाची कळा यायला वर्षे लागतात. घाई म्हणून आम्लाने धुणे किंवा जोराचा फवारा मारणे टाळावे. शेवाळ जाते आणि ग्रॅनाइटमधील लोहामुळे तांबूस डाग उमटतात. आत दिवा लावायचा तर लहान ज्योत, पेटीच्या मध्यभागी. भिंतीला चिकटून ठेवल्यास एकाच बाजूला दगड तापतो, काजळी धरते आणि तडा जाऊ शकतो.