काळोखाचे आठ सेकंद

अमेरिकेत टेनेसी राज्याच्या हद्दीत, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाची जागा आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथले काजवे तालात चमकतात. पाच ते आठ वेळा लखलख, की अख्खी झाडी एकदम गुडुप. सात-आठ सेकंद मिट्ट काळोख, मग पुन्हा सुरू. या जातीचं शास्त्रीय नाव फोटिनस कॅरोलिनस.

लोक लखलखाटाचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरी गोष्ट काळोखात आहे. उडत चमकणारे सगळे नर. मादी खाली पाचोळ्यात बसलेली असते, आणि ती या काळोखातच अगदी मंद चमकून उत्तर देते. नर आपापल्या मर्जीने चमकत राहिले, तर तिच्याकडे लक्ष जाणार कुणाचं? अँड्र्यू मोइसेफ आणि जोनाथन कोपलंड या संशोधकांनी माद्यांसमोर एलईडीचे नकली नर चमकवले. सगळे एकदम चमकले की माद्या 80 टक्क्यांहून अधिक वेळा उत्तर देत. ताल मोडला की दहातून जेमतेम एकदा. हे संशोधन 2010 साली प्रसिद्ध झालं.

हा ताल धरायला म्होरक्या कुणी नसतो. संशोधक ओरित पेलेग यांच्या गटाने जंगलातच तंबू लावून त्यात काजवे सोडले. एकटा काजवा वाटेल तेव्हा चमकायचा. पंधराएक जमले की ताल आपोआप बसायचा.

आता आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जायचं तर पहिली अडचण तारखेची. अळी जमिनीत एक-दोन वर्षं काढते, आणि ती प्रौढ कधी होणार हे वसंतातली ऊब किती साठली यावर ठरतं. कॅलेंडर तिला ठाऊक नाही. त्यामुळे बहर दरवर्षी मागे-पुढे सरकतो. बहराच्या आठवडाभर उद्यान गाड्यांचे परवाने सोडत काढून देतं. एल्कमाँटच्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम असेल तर सोडतीची गरज नाही, पण तिथलं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे बहराची तारीख कळण्याच्या कितीतरी आधी. मी तर जूनचा पहिला आठवडा धरेन आणि नशिबावर सोडेन. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही आणि जनरेटर रात्री आठनंतर बंद. काजव्यांच्या दृष्टीने बरंच आहे.

कारण आरव्ही म्हणजे चाकांवरची दिवाळी. दाराबाहेरचा दिवा, पायरीखालची पट्टी, खिडकीतून दिसणारा टीव्ही. हे सगळं आठवणीने बंद होतं, आणि मग कुणीतरी सवयीने रिमोटने गाडी लॉक करतं. चारही इंडिकेटर लख्खकन पेटतात, नेमके त्या आठ सेकंदांत. गाडी किल्लीनेच लॉक करा, टॉर्चवर लाल सेलोफेन चढवा आणि उजेड फक्त पायाशी ठेवा. पायवाट मात्र सोडू नका. मादी तिथेच बाजूच्या पाचोळ्यात असते.