साखळी तुटली तरी चाला: स्नायूंच्या मागच्या दाराची गोष्ट

ते '21 दिवसांचं चॅलेंज' दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर परत उगवतं. साखर सोडा, रोज चाला, बाविसाव्या दिवशी सवय लागलेली असेल वगैरे. माझ्या एका मित्राने मनावर घेतलं, रोज जेवून चालायला लागला, बाराव्या दिवशी प्रवासात राहून गेलं आणि पठ्ठ्याने दिवस मोजणाऱ्या अॅपमधली 'साखळी तुटली' म्हणून सगळंच सोडलं!

हा 21 आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनने 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात. चेहऱ्याची, बरं का, चालण्याची नाही. पुढे 'कमीत कमी' गळालं आणि आकडा तेवढा उरला. खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं, 96 लोक घेऊन. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस, पण कुणाला 18 तर कुणाला 254 (प्रयोग 84 दिवसांचाच होता, त्यामुळे हा 254 आलेखावरून काढलेला अंदाज आहे). आणि मधे एखादा दिवस हुकला तर फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

आता मला ज्यासाठी लिहायचंय ते. मनाचं जाऊ द्या, एक दिवस हुकला तर शरीर काय म्हणतं?

जेवणातलं ग्लुकोज रक्तात येतं. सगळ्या रक्तात मिळून ते एरवी जेमतेम चमचाभर, 4-5 ग्रॅम असतं आणि एका जेवणातून त्याच्या दहापट सहज येऊ शकतं, म्हणजे ते पटापट कुठेतरी भरायला हवं. सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. पण पेशीचं आवरण स्निग्ध, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, ते आपोआप आत जात नाही, त्याला दार लागतं. स्नायूंमधल्या या दाराचं नाव ग्लूट-4. गंमत अशी की आपण बसलेले असताना यातली बहुतेक दारं पेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेली असतात! इन्सुलिन येऊन बाहेरची बेल वाजवतं, मग आत निरोपानिरोपी होते, एकेटी नावाचं एन्झाइम एएस-160 या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतं, एएस-160 म्हणजे ब्रेक, तो सुटला की रॅब प्रथिनं कामाला लागतात आणि पिशव्या आवरणाला जाऊन मिळतात. हे डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, बेल वाजली की दारं बाहेर येतात एवढं पुरे.

पण स्नायूंना मागचंही दार आहे. पाऊल उचललं की स्नायू आकुंचन पावतो, त्यासाठी आत कॅल्शियम सुटतं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) खर्च होतं, ऊर्जा कमी पडतेय हे एएमपीके नावाच्या एन्झाइमला कळतं आणि याच दारांच्या पिशव्या आवरणाकडे निघतात, इन्सुलिनने बेल न वाजवता! टाइप 2 डायबेटिसमध्ये इन्सुलिनची बेल नीट ऐकू येत नाही, पण हा मागचा रस्ता बराचसा शाबूत असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरंच उठून घरात चकरा मारल्या. जेवणानंतर अर्ध्या-एक तासात साखर वर चढलेली असते, तेव्हा नेमकी शतपावली कामी येते. (इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर साखर जास्तच उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून.)

शिवाय व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्सुलिनची बेल एक-दोन दिवस जास्त चांगली ऐकतो, मग हळूहळू पूर्ववत होतो. म्हणून डायबेटिसवाल्यांना सांगतात की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. म्हणजे एक दिवस बुडला तर स्नायूला अजून कालचं आठवतंय, आठवडा बुडला तर नाही. शून्यावर जातो तो फक्त अॅपमधला आकडा.

आणि ते डिटॉक्स ज्यूस, चरबी वितळवणारा चहा वगैरे. यातलं काहीही स्नायू आकुंचन पावल्याशिवाय एएमपीकेचा हा रस्ता तुमच्यासाठी चालून दाखवणार नाही, 'टॉक्सिन' नेमकं कुठलं ते विचारलं तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि लिव्हर-किडनी ते काम फुकट करतायत.

खाण्याचं थोडक्यात: तंतुमय पदार्थ असले की ग्लुकोज रक्तात सावकाश उतरतं, गोड पेयातलं धाडकन येतं. लॅलीच्या प्रयोगात लोकांनी नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली होती, 'नाश्त्यानंतर' अशी, आणि जेवण तर कोणी विसरत नाही.

मित्राला हे सगळं ऐकवलं, एएस-160 ला त्याने जांभई दिली. पण आता ताट ठेवलं की चपला घालतो. साखळी आतापर्यंत चारदा तुटलीये, अॅप त्याने काढून टाकलंय.