शमशोन : केस कापले जाण्याआधीची गोष्ट

नवापूर-नंदुरबारपासून भुसावळपर्यंत खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तरुणांचे शिबिर असले, की बायबलमधल्या शमशोनाचा विषय हमखास निघतो. पण तो दोन तुकड्यांत निघतो. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या साप्ताहिक वर्गात, तो सिंह फाडणारा पहिलवान असतो आणि पोरे वयात आली की ‘बाईच्या नादाने वाया गेलेला’ माणूस होतो. मधला भाग वाचलाच जात नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचे 13 ते 16 हे चार अध्याय, एकूण 96 वचने; सलग मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तसे वाचले तर दिसते, की त्याच्या बळाचे गुपित काढून केस कापवणारी दलीला भेटण्याच्या कितीतरी आधी शमशोनाला लपवायची आणि एकट्याने वागायची सवय लागली होती. तरुणांसमोर ठेवायचे ते हेच.

आधी काळ समजून घ्यावा. इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या कोरीव लेखांत, म्हणजे इ. स. पूर्व 1175 च्या सुमारास, समुद्राकडून आलेल्या टोळ्यांमध्ये पलिष्ट्यांचे, म्हणजे शमशोनाच्या शत्रूंचे, नाव येते. पुढे ते कनानच्या किनारपट्टीवर स्थिरावले. गज्जा, अष्कलोन, अश्दोद, गथ आणि एक्रोन ही त्यांची पाच नगरे, आणि प्रत्येकाला एक सरदार. शमशोन ज्या इस्राएली वंशातला, त्या दान वंशाचा वाटा नेमका त्यांच्या सीमेला लागून होता. शमशोनाच्या सरा गावाहून तिम्ना दोनेक तासांच्या पायवाटेवर. त्यामुळे शत्रूच्या गावात जाणे-येणे, ओळखी, सोयरिकी हे रोजचेच होते. शास्त्र म्हणते, 40 वर्षे पलिष्ट्यांची सत्ता होती. लोक तिला इतके सरावले होते, की यहूदाचे 3000 पुरुष शमशोनाला बांधून शत्रूच्या हवाली करायला स्वतःच निघाले. देवदूताने शमशोनाच्या आईला, मानोहाच्या बायकोला, सांगितलेले शब्दही मोजके आहेत : हा मुलगा इस्राएलाला सोडवायला ‘आरंभ’ करील. संपूर्ण सुटका त्याच्या वाट्याला दिलेलीच नव्हती.

नाजीर व्रताविषयी, म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसाच्या व्रताविषयी, सर्वाधिक घोटाळा होतो. गणना 6 मध्ये तीन बंधने आहेत : द्राक्षाचे काहीही खायचे-प्यायचे नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही, प्रेताजवळ जायचे नाही. त्यावरून ‘शमशोनाने तिन्ही नवस एकेक करून मोडले’ असा तयार उपदेश फिरतो. तो मजकुराच्या पुढे जातो. अध्याय 13 मध्ये द्राक्षारस आणि अशुद्ध अन्न आईला वर्ज्य केले आहे. मुलासाठी स्पष्ट सांगितलेला नियम वस्तऱ्याचा. तिम्नाच्या मेजवानीत तो प्याला, असे कुठे लिहिलेले नाही. मिश्ना या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाने तर ‘शमशोनासारखा नाजीर’ असा वेगळाच प्रकार मानला आणि त्याला प्रेताच्या स्पर्शाबद्दल अर्पण लावले नाही. म्हणून तरुणांना सांगताना नियमांची यादी पुढे करू नये. हुशार पोरगा वचन काढून दाखवतो आणि मग सगळा धडाच सैल पडतो.

मजकूर दाखवतो ते दुसरेच. तिम्नाच्या द्राक्षमळ्यांजवळ सिंह अंगावर आला, त्याने तो फाडला आणि आईबापांना सांगितले नाही. काही दिवसांनी त्या मढ्यात मधमाश्यांचे मोहोळ दिसले. त्याने मध खाल्ला, आईबापांनाही खायला दिला, पण कुठून आणला ते पुन्हा सांगितले नाही. म्हणजे आईबापांच्या हातावर अशुद्ध वस्तू ठेवली आणि त्यांना कळूही दिले नाही. लग्नात 30 सोबत्यांना त्याने कोडे घातले. पैज 30 तागाची वस्त्रे आणि 30 पोशाख अशी होती, आणि कोड्याचे उत्तर त्या लपवलेल्या मढ्यातच होते. सात दिवस बायको रडली तेव्हा त्याने उत्तर फोडले. पैज फेडायला अष्कलोनात 30 माणसे मारली. मग बायको दुसऱ्याला दिली गेली, म्हणून 300 कोल्ह्यांच्या शेपट्या बांधून त्यात मशाली खोचल्या आणि शेतांत सोडले.

इथे खानदेशातल्या तरुणांना वेगळे समजावावे लागत नाही. फाल्गुन-चैत्रात गहू वाळलेला, सुड्या रचलेल्या, अशात ठिणगी पडली तर काय होते हे त्यांना ठाऊक असते. त्या आगीत जैतुनाची झाडेही जळाली. गहू पुढच्या हंगामी पुन्हा येतो, जैतून फळाला यायला वर्षे लागतात. बदल्यात पलिष्ट्यांनी त्याच्या बायकोला आणि सासऱ्याला जाळले. सुटकेचे काम खाजगी सूडाचे झाले होते. शमशोनाआधीच्या गिदोन या शास्त्याजवळ 300 माणसे होती. शमशोनाने आपल्या बाजूला एक माणूसही जमवला नाही.

आणि तरीही परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर येत राहिला. तरुणांना हीच बाब सर्वात जड जाते आणि इथेच थांबायला हवे. गाणे, वाद्य, साक्ष, प्रार्थना यांत सामर्थ्य दिसते म्हणून आपले बाकीचे आयुष्यही देवाला मान्य आहे, असे आपण धरतो; शमशोनही आपल्या बळावरून तसेच धरून चालला. 16:20 सांगते, परमेश्वर आपल्याला सोडून गेला हे त्याला कळलेच नाही.

दलीला पलिष्टी होती की नाही, हे शास्त्र सांगत नाही. वेश्या म्हणूनही तिचा उल्लेख नाही. वेश्या होती ती गज्जातली, वेगळीच बाई. शमशोनाच्या बळाचे गुपित काढून घ्यावे म्हणून प्रत्येक सरदाराने दलीलेला चांदीची 1100 नाणी कबूल केली. पाच सरदार धरले तर 5500. पुढच्याच अध्यायात एका लेव्याचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्याचा, वर्षाचा पगार चांदीची 10 नाणी आणि अन्नवस्त्र असा आहे, यावरून त्या रकमेचा अंदाज येतो. तिने चार वेळा विचारले. आपल्याला कशाने जखडता येईल याची त्याने दिलेली खोटी उत्तरे : पहिल्यांदा सात ओल्या वाद्या, मग नवे दोर, मग केसांच्या सात बटा मागात विणणे. चौथ्यांदा त्याने खरे सांगितले. तिसऱ्या उत्तरात तो केसांपर्यंत आला आहे, हे मुलांकडून शोधून घ्यावे.

या कथेचे वाचन कसे बदलत गेले, तेही पाहण्यासारखे आहे. मिश्ना म्हणते, तो डोळ्यांच्या मागे गेला, म्हणून त्याचे डोळे फोडले गेले. आरंभीच्या ख्रिस्ती शिक्षकांनी त्याच्या मरणात ख्रिस्ताची छाया पाहिली. गालीलातील हुकोक इथल्या पाचव्या शतकातील सभास्थानाच्या फरशीवर कोल्ह्यांचा प्रसंग मोझेकमध्ये आहे. तो 2012 मध्ये उजेडात आला. तेल कासिले इथे सापडलेल्या पलिष्टी मंदिराचे छत दोन खांबांवर होते, त्यामुळे शमशोनाने शेवटी खांब ढकलून शत्रूंसकट स्वतःवर पाडलेल्या, अध्याय 16 मधल्या इमारतीची कल्पना करता येते. खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकन आणि स्कॅन्डिनेव्हियन मिशनांनी काम उभारले, तोवर संपूर्ण शास्त्र मराठीत छापलेले होते. पण शब्बाथ शाळेचा भर लहान मुलांवर आणि सुट्या प्रसंगांवर राहिला, आणि शमशोनाचे तुकडे तिथेच पडले.

नव्या करारात इब्री 11:32 मध्ये त्याचे नाव विश्वासाच्या वीरांत आहे. ते नाव देऊन चूक झाकू नये आणि चुका मोजून नावही पुसू नये. गज्जाच्या बंदिखान्यात तो जात्यावर दळत होता. त्याची शेवटची प्रार्थनासुद्धा डोळ्यांचा सूड मागते. ती ऐकली गेली. तो पूर्ण सुधारला, असे मजकूर म्हणत नाही.

शिकवताना चार बैठका ठेवाव्यात, रोज एक अध्याय, चाळीस मिनिटे. पहिली दहा मिनिटे वाचन. उरलेल्या वेळात ‘त्याने कुणाला सांगितले, कुणाला नाही’ एवढेच फळ्यावर मांडावे. मुलगे-मुली एकत्र असतील तर अध्याय 16 ची बैठक ‘मुलींपासून सावध’ अशी वळण्याचा धोका असतो. ती वळली की मुली गप्प होतात आणि मुलगे सुटतात. गटात सगळ्यांसमोर कबुली मागू नये, छोट्या मंडळीत ती दुसऱ्या दिवशी गावभर होते. त्याऐवजी प्रत्येकाने वयाने मोठा, विश्वासू असा एकजण निवडावा. सुरत-नाशिकला कामाला जाणाऱ्यांनी दर आठवड्याला त्याला फोन करायचा, हे शिबिरातच ठरवून घ्यावे. एकच बैठक मिळणार असेल तर 16 सोडून 14 घ्यावा. दलीलेची गोष्ट पोरांना आधीच माहीत असते, मधाची नसते.