प्रिन्स व्होल्कोन्स्की : झारच्या जनरलपासून सायबेरियातल्या शेतकऱ्यापर्यंत

डिसेंबर 1825 मध्ये रशियात झारशाहीविरुद्ध जो लष्करी उठाव झाला, त्यातील सहभागी पुढे ‘डिसेंब्रिस्ट’ म्हणून ओळखले गेले. शिक्षा झालेल्यांमध्ये प्रत्यक्ष लष्करी सेवेत असलेला जनरल एकच होता, तो म्हणजे प्रिन्स सेर्गेई ग्रिगोरियेविच व्होल्कोन्स्की. 1788 मध्ये जन्मलेल्या या सरदारपुत्राला असंतुष्ट असण्याचे वरकरणी काहीच कारण नव्हते. घराणे आपला वंश रशियाच्या पहिल्या राजघराण्याचा मूळपुरुष रुरिक याच्यापर्यंत नेणारे, आजोबा फील्ड मार्शल रेप्निन, आई राजमातेच्या दरबारातील प्रमुख मानकरी आणि मेहुणा प्योत्र व्होल्कोन्स्की झार पहिला अलेक्झांडर याच्या खास विश्वासातला. स्वतः सेर्गेई नेपोलियनविरुद्धच्या आयलाऊच्या लढाईत होता, 1812 मध्ये नेपोलियनच्या फौजेवर छापे घालणाऱ्या तुकड्यांत लढला आणि पुढच्याच वर्षी, पंचविशीही पूर्ण झालेली नसताना, मेजर जनरल झाला.

असंतोषाचे मूळ याच युद्धात होते. ज्या शेतकरी शिपायांच्या जिवावर रशिया वाचला, त्यांची कुटुंबे विजयानंतरही भूदासच, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचीच राहिली, आणि पश्चिम युरोपात राहून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांना ही गोष्ट खुपू लागली. भूदासपद्धती आणि झारची अनिर्बंध सत्ता संपवू पाहणाऱ्या दक्षिणेतील गुप्त संघटनेत व्होल्कोन्स्की सामील झाला. तिचा बौद्धिक नेता कर्नल पेस्तेल याला तर थेट प्रजासत्ताक हवे होते.

झार अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर वारसाबाबत गोंधळ माजला. ती संधी साधून रशियाच्या जुन्या पंचांगानुसार 14 डिसेंबर रोजी सुमारे 3,000 सैनिक सेंट पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात उभे राहिले, पण नवा झार पहिला निकोलाय याने तोफा डागून संध्याकाळपर्यंत सारे मोडून काढले. दक्षिणेत असलेल्या व्होल्कोन्स्कीने आपली ब्रिगेड बाहेर काढलीच नाही; तरीही कटातील सहभागाबद्दल त्याला देहदंड ठोठावण्यात आला आणि नंतर ती शिक्षा सक्तमजुरीवर आणली गेली. पेस्तेलसह पाच जण फासावर गेले.

निकोलायला या लोकांचे प्राण घेण्याइतकेच त्यांचे नाव पुसण्यातही रस होता, असे म्हणायला जागा आहे. शिक्षेच्या दिवशी कैद्यांच्या डोक्यावर आधीच कानसून ठेवलेल्या तलवारी मोडण्यात आल्या आणि त्यांचे गणवेश शेकोटीत टाकण्यात आले. हिवाळी राजवाड्यात नेपोलियनशी लढलेल्या सेनानींची चित्रे लागली, तेव्हा व्होल्कोन्स्कीचे चित्र वगळले गेले. ते तिथे पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले. सायबेरियात जन्मणारी मुले सरदार गणली जाणार नाहीत, असेही मागून येऊ इच्छिणाऱ्या पत्नींना बजावण्यात आले.

व्होल्कोन्स्कीची पत्नी, सेनानी रायेव्हस्की यांची कन्या मारिया हिने ही अट मान्य केली. लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. तान्हे मूल मागे ठेवून ती सायबेरियाच्या नेर्चिन्स्क भागातील ब्लागोदात्स्क खाणीवर पोहोचली. कोठडीत नवऱ्याला जवळ घेण्याआधी आपण गुडघ्यांवर बसून त्याच्या बेड्यांचे चुंबन घेतले, असे तिने आठवणींत लिहिले आहे. मागे राहिलेले मूल 1828 मध्ये दगावले.

सायबेरियातल्याच चिता आणि पेत्रोव्हस्की झावोद या ठिकाणच्या तुरुंगवासानंतर 1837 पासून हे कुटुंब इर्कुत्स्कजवळच्या उरिक गावात राहू लागले. तिथे व्होल्कोन्स्की मनापासून शेतीत रमला, आणि त्याच्या आयुष्याचा हाच भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. पुढे इर्कुत्स्कमधील घरात मारियाने शहरातील प्रतिष्ठितांची बैठक जमवली. नवरा मात्र मळक्या कपड्यांत बाजारात शेतकऱ्यांशी गप्पा मारत बसे आणि अंगाला डांबराचा वास घेऊन बायकोच्या दिवाणखान्यात प्रकटे, असे त्याला पाहिलेल्यांनी नोंदवले आहे.

1856 मध्ये नवा झार दुसरा अलेक्झांडर याने माफी दिली. सरदारकी परत मिळाली, पण ‘प्रिन्स’ हा किताब फक्त मुलांना मिळाला, त्याला नाही. 1861 मध्ये भूदासांची मुक्ती मात्र त्याने याचि डोळा पाहिली. मारियाच्या मागोमाग दोन वर्षांनी, 1865 मध्ये, चेर्निगोव्ह प्रांतातील व्होरोन्की येथे त्याचे निधन झाले.