आडवी बाटली: पुण्यातल्या वस्तीतलं दारूचं दुकान मतदानाने बंद करायचं असेल तर

दुकान परवान्याचं असेल तर मोर्चा काढून शटर कायमचं खाली येत नाही. त्यासाठी 2008 च्या शासन आदेशाचा रस्ता आहे. त्या भागातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्के जणांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहा, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पुणे अधीक्षक कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पण त्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. पहिली, मतदार यादी नेमक्या कोणत्या हद्दीची धरणार? पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. समजा हद्दीत 8,000 महिला मतदार असतील तर 2,000 सह्या लागतील, पण हद्द मोठी धरली की हा आकडा कुठल्या कुठे जातो. दुसरी, दुकान बंद व्हायला किती मतं लागतात, याचा सध्याचा निकष काय? 2008 चा आदेश नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं मागतो, तर मार्च 2025 मध्ये विधानसभेत अशी घोषणा झाली की महापालिका वॉर्डांमध्ये प्रत्यक्ष पडलेल्या मतांपैकी 75 टक्के मतं दुकान बंद करण्याच्या बाजूने हवीत.

बहुतेक मागण्या पडताळणीतच अडकतात. सही करणारी भाडेकरू असते आणि तिचं नाव गावाकडच्या यादीत असतं. कुठे माहेरचं आडनाव, कुठे एकाच हाताने केलेल्या पाच सह्या. म्हणून प्रत्येक सहीपुढे यादीभाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि पत्ता लिहा. यादीतलं नाव जसंच्या तसं उतरवा. पडताळणीला बायकांना ओळखपत्र घेऊन यावं लागू शकतं, तेव्हा धुणंभांडी-स्वयंपाकाच्या कामांच्या वेळा सांभाळून बोलावा. गरजेपेक्षा चांगल्या दीडपट सह्या हाताशी ठेवा.

मतदानादिवशी जुन्या निकषाने घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच बाजूने मोजली जाते. त्यामुळे गल्लीवार यादी करून दुपारी दोनपर्यंत कोण आलं नाही ते बघा आणि दार ठोठवा.

हातभट्टी किंवा विनापरवाना विक्रीसाठी मतदानाची वाट बघू नका. तो दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खालचा गुन्हा आहे, 112 वर लगेच कळवा. दुकानाबाहेर फुटपाथवर पिणाऱ्यांची तक्रारही पोलीस ठाण्यात द्या, तारीख, वेळ आणि फोटोसकट.