एकाच कड्यावरची दोन पाखरं : बहिरी ससाणा आणि पेठांतली कबुतरं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आजोळच्या गच्चीवर मामांचं कबुतरांचं खुराडं होतं. वर पत्रा, पुढं जाळी, आत एकावर एक रचलेली लाकडी खोकी. जानेवारीतली सकाळ. मामांनी फडकं बांधलेली काठी फिरवली, तशी वीसएक कबुतरं उठली आणि वळसे घेत रंकाळ्याच्या अंगाला चढत गेली. ठिपक्याएवढी झाली असतील नसतील, तोच सगळा थवा एकदम आवळला, मूठ मिटावी तसा. मी आभाळात घार शोधत होतो. मामा म्हणाले, "घारीकडं काय बघतोस लेका? घार न्हवं ती. थव्याच्या वर बघ, वर!" वर मला काहीच दिसलं नाही. मग कापड टरकावल्यासारखा आवाज आला, पांढऱ्या पिसांचा एक झुबका हवेत तरंगत राहिला आणि थवा पेठेवर चारी दिशांना फुटला. पुढचे दोन दिवस कबुतरं एकेक करून परतत होती. चार आलीच नाहीत. त्यातलं एक ससाण्यानं नेलेलं आम्ही पाहिलं होतं. उरलेली तीन कुठं गेली ते कळलं नाही. पण पेठेत सांगताना मामांनी चारही ससाण्याच्याच नावावर घातली.

त्या एका कबुतराचा आणि त्या तिघांचा हिशेब या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगितला.

गच्चीवर त्या पक्ष्याला कुणी नुसतं 'ससाणा' म्हणायचं, कुणी 'बाज'. पक्षी बघणाऱ्यांच्या मराठीत तो बहिरी ससाणा. या 'बहिरी'चा ऐकू न येण्याशी काही संबंध नाही. अरबी-फारसीत बहर म्हणजे समुद्र, त्यावरून शिकारी पक्षी पाळणाऱ्यांनी दिलेलं हे नाव. त्याच जातीची दुसरी, थोडी लहान, पाठीला गडद आणि पोटाला तांबूस अशी उपजात म्हणजे शाहीन. कोल्हापूरच्या दृष्टीनं हा फरक महत्त्वाचा आहे. हिवाळी बहिरी सैबेरियाच्या बाजूनं ऑक्टोबरात येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत निघून जातो. तो इथं घरटं करत नाही. शाहीन मात्र इथलाच, सह्याद्रीच्या कड्याकपारींत बारा महिने राहणारा. उद्या एखाद्या मनोऱ्यावर किंवा धुराड्यावर घरटं झालंच, तर ते शाहीनचं असेल.

घरटं म्हणावं असंही ते काही नसतं. काड्या नाहीत, चिंध्या नाहीत. कड्याच्या फळीवर साचलेल्या माती-खड्यांत मादी छातीनं खळगा करते आणि त्यात तीन-चार अंडी घालते. महिन्याभरात पिल्लं निघतात, पुढं पाच-सहा आठवड्यांत उडतात. आपल्याकडं हा सगळा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. मादी नरापेक्षा बरीच मोठी. ती अंड्यांवर असताना नर शिकार आणतो आणि कित्येकदा ती हवेतल्या हवेत तिच्या पंजात सोपवतो. वरून सूर मारताना या पक्ष्याचा वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या पुढं जातो. त्यामुळंच मला त्या सकाळी काही दिसलं नव्हतं.

आता कबुतराकडं बघा. सगळी पाळीव कबुतरं, गिरहबाज असो, लक्का असो की लोटन, मूळ पारव्याची लेकरं आहेत. आणि पारवा हासुद्धा कड्यावरचाच पक्षी. पन्हाळ्याच्या तटात, जुन्या विहिरींच्या कपारीत, देवळांच्या शिखरांवर तो राहतो, कारण दगडी भिंत त्याला कड्यासारखीच वाटते. म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघंही एकाच कड्यावरचे. माणसानं दगडाची आणि सिमेंटची उंच घरं बांधली, तशी आधी पारव्यानं ती वापरायला घेतली. ससाणा मागून आला. शहरात ससाणा कुठून आला असं जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं, की शहर हाच त्यांच्या लेखी नवा कडा आहे.

दोघांशी माणसाचा संबंधही बराच जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते. त्या ग्रंथात राजाच्या वीस विनोदांची, म्हणजे करमणुकींची प्रकरणं आहेत. त्यांत मल्लविनोद आहे, पारावतविनोद म्हणजे कबुतरांचा खेळ आहे आणि श्येनविनोद म्हणजे ससाण्यांची शिकारही आहे. कुस्ती, कबूतर आणि ससाणा नऊशे वर्षांपूर्वी एकाच ग्रंथात शेजारी बसलेले पाहून कोल्हापूरच्या माणसाला आनंद व्हावा, तसा मला झाला. पुढं अकबराच्या दरबारात कबुतरं उडवण्याला 'इश्कबाजी' असं नाव मिळालं. त्याच्याकडं वीस हजारांवर कबुतरं होती, त्यांतली पाचशे खास निवडीची, अशी नोंद अबुल फजलनं केली आहे. त्याच दरबारात शिकारी ससाणेही मानानं पाळले जात. गच्चीवरचे आपले शब्द पाहा, गिरहबाज, कबुतरबाज, शौक. ते सगळे त्या जगाकडून आले.

कोल्हापूर संस्थानात कुस्तीला राजाश्रय मिळाला, शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची. कबुतरांचा नाद मात्र राहिला पेठांतल्या गच्च्यांवर आणि तालमींच्या आसपास. आजही कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात कबुतरं उडवण्याच्या स्पर्धा होतात. पहाटे कबुतरं सोडायची, पंच घड्याळ घेऊन गच्चीवर बसतो, आणि ज्याची कबुतरं सर्वांत जास्त वेळ हवेत राहून आपल्याच खुराड्यावर उतरतात तो जिंकतो. पाखरं जितकी उंच जातील तितका मालकाचा मान. ससाण्याला नेमकी हीच उंची सोयीची पडते. शिक्रा हा लहान शिकारी पक्षी झाडाआडून, भिंतीआडून येऊन खुराड्याच्या तोंडाशी झडप घालतो. बहिरीला मोकळं आभाळ लागतं.

कबुतरवाले आणि ससाणा यांच्या भांडणातला सर्वांत बोलका प्रसंग मात्र इंग्लंडातला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कबुतरपाळ्यांनी सैन्याला सुमारे दोन लाख कबुतरं दिली. समुद्रावर पडलेल्या विमानांतून, शत्रूच्या मुलखातून ती निरोप घेऊन परतायची. त्यांतल्या ३२ कबुतरांना शौर्याचं पदकही मिळालं. किनाऱ्यावरचे ससाणे ही निरोप आणणारी कबुतरं मारतात म्हणून १९४० मध्ये सरकारनं ससाणे मारण्याचा हुकूम काढला आणि सुमारे सहाशे ससाणे गोळ्यांना बळी पडले. युद्ध संपल्यावर पुन्हा संरक्षण मिळालं. मग १९६० च्या आसपास तिथल्या कबुतरपाळ्यांनी तक्रार केली, की ससाणे फार माजलेत, आमची शर्यतीची कबुतरं संपवतात, संरक्षण काढून घ्या. सरकारनं मोजणी करायला लावली. डेरेक रॅटक्लिफ या निसर्गअभ्यासकाकडं ते काम आलं. आणि मोजणीत निघालं भलतंच. ससाणे वाढले नव्हते, ते झपाट्यानं नाहीसे होत होते. किती तरी जुने कडे ओस पडलेले, घरट्यांत फुटकी अंडी.

कारण १९६७ मध्ये रॅटक्लिफ यांनीच मांडलं. शेतात फवारलेलं डीडीटी हे कीटकनाशक दाण्यांतून, किड्यांतून लहान पक्ष्यांत आणि तिथून ससाण्यात साठत होतं. त्यामुळं अंड्याचं कवच पातळ व्हायचं आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनानं अंडं फुटायचं. अमेरिकेत तर मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटी करणारा एकही ससाणा उरला नाही. तिथं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. आपल्याकडं शेतीतला वापर १९८९ मध्ये थांबवला गेला. कबुतरपाळ्यांनी तक्रार केली नसती तर हे विष आणखी किती वर्षं लपून राहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ससाण्याच्या विरोधात केलेल्या तक्रारीनंच ससाणा वाचला.

शहरी ससाण्याची गोष्ट इथून पुढची. तसा मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर १९३६ पासून पुढं सोळा वर्षं ससाण्याची मादी राहिली होती, पण तो अपवाद. पक्षीशास्त्रज्ञ टॉम केड यांनी १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ससाण्यांची पैदास सुरू केली आणि पुढं चार हजारांवर पिल्लं मोकळी सोडली गेली. त्यांतली बरीच उंच इमारतींवरून आणि पुलांवरून सोडली, कारण जंगलातल्या कड्यांवर मोठं घुबड त्यांना मारायचं. जिथं वाढली तिथलीच ती झाली. आज न्यूयॉर्कचे पूल, लंडनचे मनोरे, युरोपातल्या चर्चचे कळस ही त्यांची नेहमीची जागा आहे. ब्रिटनमध्ये २०१४ च्या गणनेत साडेसतराशेच्या वर जोड्या निघाल्या. रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात रात्री शिकार करायलाही ते शिकले.

साहजिकच भांडणही पुन्हा पेटलं. ब्रिटनमध्ये २००० साली शासकीय गटानं हा प्रश्न तपासला, तेव्हा शर्यतीच्या कबुतरांतला मोठा वाटा वाट चुकून, थकून, तारांना धडकून जातो आणि शिकारी पक्ष्यांचा वाटा त्या मानानं लहान असतो, असं दिसलं. मामांच्या चार कबुतरांतली ती तीन मला इथं आठवतात. अमेरिकेत तर २००७ मध्ये कोलांट्या मारणारी कबुतरं पाळणाऱ्या काही क्लबांतल्या माणसांवर शिकारी पक्षी मारल्याबद्दल खटले झाले. हा नाद माणसाला किती कडवट करू शकतो, याचं ते दुखरं उदाहरण आहे.

पण नुकसान होतं हे खरंच आहे आणि ते रंगावरही अवलंबून असतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं सात वर्षांत ससाण्यांचे १,४८५ हल्ले नोंदवले गेले. ज्या कबुतरांच्या कमरेवर पांढरा पट्टा होता ती थव्यात पाचात एक होती, पण मारल्या गेलेल्यांत शंभरात दोनसुद्धा नव्हती. मग संशोधकांनी पांढरी आणि निळी कंबर-पिसं अदलाबदल करून चिकटवली, तर नशीबही बदललं. कबूतर ऐन वेळी कूस वळवतं तेव्हा तो पांढरा पट्टा ससाण्याची नजर चकवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. आपल्या इकडच्या पारव्याची कंबर राखाडी असते, त्यामुळं तो निष्कर्ष जसाच्या तसा इथं लावता येत नाही. पण पेठेतली जुनी माणसं जेव्हा म्हणतात, की अमुक रंगाचं पाखरू टिकत नाही, तेव्हा त्यामागं पिढ्यांचं निरीक्षण असतं, आणि ते कुणीतरी वहीत उतरवायला हवं.

कोल्हापुरात नेमकं काय घडतं आहे ते समजून घेताना तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. पहिली, पश्चिमेला राधानगरी-गगनबावड्यापासून सह्याद्रीचे कडे आहेत आणि ससाण्याच्या पंखांना ते अंतर काहीच नाही. दुसरी, शहर उंच होतंय. जुन्या गिरण्यांची धुराडी होतीच, आता दहा-बारा मजली इमारती आणि मोबाइलचे मनोरे. तिसरी, अन्नाचा सुकाळ. देशभरात शहरी पारव्यांची संख्या २००० नंतर दुपटीहून अधिक वाढली आहे. धान्य टाकणारे हात, उघडी गटारं, एसीच्या खोक्यांमागच्या फटी, सगळं त्यांना मानवलं. त्यांच्या मागोमाग ससाणा येणं हा निसर्गाचा सरळ व्यवहार आहे.

कायदा अगदी स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बहिरी ससाणा आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. त्याला मारलं, पकडलं किंवा त्याची अंडी उचलली तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. मामांच्या एका दोस्तानं छऱ्याची बंदूक गच्चीवर ठेवली होती. मामांनी त्याला ती खाली न्यायला लावली. कायद्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. "त्येचं पोट हाय, आपला शौक हाय," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर मामांनी स्वतःच्या सवयी बदलल्या. ससाणा दिवस उजाडताना आणि मावळताना जास्त शिकारीवर असतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, म्हणून थंडीत ते पाखरं उन्हं वर आल्यावर सोडायला लागले, आणि रोज एकाच वेळी कधीच नाही. पौषापासून फाल्गुनापर्यंत नवी पिल्लं बाहेर काढायची नाहीत. उडणाऱ्यांत दोन-तीन जुनी, खोड मुरलेली कबुतरं ठेवायची, कारण थवा आवळायचा कधी हे त्यांना आधी कळतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते हरवलेल्या पाखरांची नोंदही ठेवायला लागले. डोळ्यांनी पाहिलं असेल तरच तारखेखाली 'स', पतंगाच्या मांजात अडकलेलं सापडलं तर 'मां', आणि नुसतंच परतलं नाही तर तिथं गोल शून्य. वर्षअखेरीला मी ती पानं उलटून पाहिली. शून्यंच सगळ्यांत जास्त होती.