झाडावर टांगलेलं पार्क

टेक्सासमध्ये नाताळच्या सुमारास तिथल्या स्टेट पार्कांवरचं, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांवरचं, ऑर्नामेंट (ख्रिसमस ट्रीवर टांगायची शोभेची वस्तू) विक्रीला येतं. चित्र दरवर्षी नवं. जुनी जपून ठेवून यंदाचं शोधणारे हौशी बरेच आहेत.

झाडावर काचेचे गोळे टांगायची पद्धत जर्मनीतल्या लाउशा गावाची. तिथला माल १८८० च्या सुमारास वूलवर्थच्या दुकानांतून अमेरिकेत पोचला. पण तो नुसता शोभेचा. संग्रहाचा नाद लागला तो १९७३ नंतर, शुभेच्छापत्रांच्या हॉलमार्क कंपनीनं ठरावीक काळच मिळणारी ऑर्नामेंट काढली तेव्हा. १९८१ पासून व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशननं दरवर्षी एक सुरू केलं आणि १९८२ ला जॉर्ज वॉशिंग्टनपासून राष्ट्राध्यक्ष ओळीनं घेतले. क्रम लावला की मधलं एखादं हुकलेलं सलत राहतं. विकणाऱ्याला आणखी काय हवं? टेक्सासच्या विधानभवनाचं ऑर्नामेंटही १९९६ पासून निघतं.

पार्कांच्या ऑर्नामेंटमागे मात्र पैशाची जुनी ओढाताण आहे. गव्हर्नर पॅट नेफ यांच्या आग्रहामुळे १९२३ मध्ये स्टेट पार्क्स बोर्ड झालं खरं, पण जमीन घ्यायला विधिमंडळानं पैसाच दिला नाही. मग नेफ आणि बोर्डाची मंडळी गावोगाव फिरून जमिनी दान मागू लागली. त्यांच्या आईनं, इझाबेला नेफ यांनी, लिऑन नदीकाठची थोडी जमीन लोकांसाठी ठेवली होती. तिथेच आजचं ‘मदर नेफ’ पार्क आहे. मिळालेल्या बऱ्याच जागा इतक्या लहान होत्या, की त्यांना पार्क म्हणणं हा मनाचा मोठेपणाच.

या जागांना रूप आलं मंदीत. १९३३ पासून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतली बेकार पोरं महिना ३० डॉलरवर राबली. त्यातले २५ घरी जात. बॅस्ट्रॉप पार्कातल्या दगडी कॅबिन त्यांच्याच हातच्या. २०११ च्या वणव्यात तिथलं बहुतेक जंगल जळालं, कॅबिन अग्निशामकांनी वाचवल्या. अशी वास्तू ऑर्नामेंटवर आली, तर तिथं मुक्काम केलेल्याला ती नुसती शोभा कशी वाटेल?

ऑर्नामेंटच्या विक्रीतून पार्कांना हातभार लागतो, पण तो चिमूटभर. खेळसाहित्यावरच्या विक्रीकरातून पार्कांना पैसा द्यायचं १९९३ मध्ये ठरलं, तरी वर्षानुवर्षं त्यातला थोडाच हाती पडे. २०१९ मध्ये मतदारांनी ती तरतूद राज्यघटनेतच घातली. पुढे २०२३ मध्ये, शताब्दीच्याच वर्षी, नव्या पार्कांच्या जमिनीसाठी १ अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. नेफ यांना दारोदार मागावी लागलेली जमीन आता विकत घेता येणार होती.